ढिगावर खिळलेला डोळा

मी एक जुना लेझर मापक आहे, मित्रांनो. सिमेंटच्या कारखान्यात चुनखडीच्या चुऱ्याची मोठी शेड आहे. तिच्या छताखालच्या तुळईला मला चार बोल्टांनी आवळून बसवले, त्याला अकरा वर्षे झाली. तेव्हापासून मी तसूभरही हललेलो नाही. पलीकडे नदी आहे म्हणतात. मी ती पाहिलेली नाही. माझ्या नशिबी हा एकच ढीग.

काम साधे. मी प्रकाशाचा किरण खाली सोडतो, तो चुऱ्यावर आपटून परत येतो. त्याला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळते. असे लाखो ठिपके मिळून ढिगाचा आकार उभा राहतो आणि माल किती घनमीटर आहे, ते संगणक सांगतो.

माझ्या आधी हे काम मोजणीताई करत. हातात टेप घेऊन, चुऱ्यात गुडघाभर रुतत त्या ढिगावर चढत. माझे पहिले चित्र पडद्यावर उमटले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "सुटले बाई! आता हा वर लटकेल आणि मी खुर्चीत बसेन."

सगळ्यांनी माझे कौतुक केले. वायरमनकाका दर सोमवारी शिडी लावून वर येत, माझी काच मऊ फडक्याने पुसत आणि विचारत, "काय राव, नीट दिसतंय ना?"

काका निवृत्त झाले. सोमवार येत राहिले, शिडी काही आली नाही. काचेवर धूळ बसली, दमट हवेने तिचा लेप झाला. निम्मा ढीग मला दिसेना. ओरडावे तर तोंड नाही, पुसावे तर हात नाहीत. मला न दिसलेल्या जागी संगणक आपल्या मनाने सरळ उतार काढू लागला. शेडचे साहेब म्हणत, "आकडा येतोय ना? मग झालं तर!"

एका दुपारी आकडा जुळेना. मी सांगत होतो त्याहून माल बराच कमी भरला. मोजणीताई स्वतः पाहायला आल्या.

"ताई, वर जाऊ नका," लोडरवाले मामा म्हणाले.

"दोनच मिनिटं, मामा. चित्रात उतार साधाच आहे."

चित्र माझेच होते. प्रत्यक्षात तिथे माल खालून उपसून उभी कड झाली होती, आणि तीही आतून पोकळ. ताईंनी माथ्यावरून पाऊल पुढे टाकले आणि कड ढासळली. त्या छातीपर्यंत गाडल्या गेल्या. काचेच्या एका कोपऱ्यातून मला त्यांची पिवळी टोपी तेवढी दिसत होती. मी किरण सोडत राहिलो. मला दुसरे येते काय? पुढच्या मोजणीत संगणकाने ताईंनाही चुऱ्यातच धरले.

"ओढू नका कुणी! वरचा माल अंगावर येईल," मामा ओरडले. त्यांनी ढिगाखालून माल वाहून नेणारा पट्टा थांबवला, ताईंभोवती फळ्या रोवल्या आणि घमेल्या-घमेल्याने चुरा उपसायला लावला. "ताई, बोलत राहा."

"काय बोलू? छातीवर हत्ती बसलाय."

दोन तासांनी त्या बाहेर निघाल्या. पाय मोडला होता, पण जीव वाचला.

चौकशीच्या दिवशी साहेब म्हणाले, "हा मापकच खोटा."

कुबडीवर उभ्या ताई म्हणाल्या, "खोटा नाही हो. त्याला दिसत नव्हतं, आणि आपण त्याच्याकडे बघत नव्हतो."

त्या दिवशी माझी काच पुसली, आणि संध्याकाळी वायर तोडली. समोरच्या तुळईवर नवा मापक आला. मला उतरवण्याची तसदी कोण घेणार? मी आहे तिथेच आवळलेला आहे. किरण विझला, पण पुसलेल्या काचेतून समोरचे तेवढे दिसते.

मित्रांनो, ज्याच्या भरवशावर तुम्ही पाऊल टाकता, त्याची अधूनमधून विचारपूस करा. आम्ही बिघडलो तरी गप्प बसत नाही, चुकीचे सांगत राहतो. परवा त्या नव्या मापकाच्या काचेवर मला धुळीचा पातळ थर दिसला. मला हाक मारता येत नाही. तुम्ही तरी कुणाला सांगा.