तीन पायऱ्यांचं स्टूल

दुपारी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि नवरा काचा आणायला गेला होता. हीच वेळ साधून टिचू संगणकापुढे बसली. पाच फुटांना दोन बोटं कमी, म्हणून लग्नापासून ती नवऱ्याची टिचूच. रविवारी त्याला साठ पूर्ण होणार होती. लेकीने संगणकावर एआय जोडून देताना बजावलं होतं, "आई, बाबांबद्दल त्याला मनमोकळं सांग. भेट नेमकी सुचवतो."

ती एका बोटाने लिहिणार, तोच बाजूला जुन्या संभाषणाचं नाव दिसलं : 'पत्नीसाठी भेट, माझ्यानंतर'.

खातं दोघांचं एकच. पण पाटी फिरवली की दुकान बंद, तसं संगणक बंद केला की लिहिलेलं पुसलं, असा नवऱ्याचा समज.

तिने उघडलं. 'बायको बुटकी आहे. वरच्या फळीवरचं मी काढून देतो. दिवाही मीच बदलतो. माझ्यानंतर तिला कुणाला हाक मारावी लागू नये, असं काही सुचव. माझ्या गळ्यात गाठ आहे. शुक्रवारी दहाला तपासणीचा निकाल. तिला सांगितलेलं नाही.'

एआयने हळुवारपणे विचारलं होतं, तिला सांगावंसं वाटत नाही का?

'तू भेट सांग,' एवढंच उत्तर. त्याखाली सुचवलेलं : तीन पायऱ्यांचं घडीचं स्टूल.

आज गुरुवार. महिनाभर गळपट्टा, घोट गिळताना मान वाकडी. आपण त्याला लाडिकपणा म्हणालो! देवा, रोज तुझ्यापुढे बसते, आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे बघितलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या शिक्षिकाबाई चष्म्याची दांडी घट्ट करायला आल्या.

"अहो, लक्ष कुठे आहे! स्क्रू माझ्या डोळ्यात बसवणार आहात का?"

टिचूला हसता आलं नाही. स्क्रू दोनदा खाली पडला. बाई "बरं नसेल तर उद्या येते" म्हणत गेल्या. उद्या हा शब्द तिच्या कानात तसाच अडकून राहिला.

नवरा खोकं घेऊन आत आला.

"अहो, गळपट्टा काढा."

"थंडी वाजते गं."

"घामाने भिजलाय तो."

त्याची नजर संगणकाच्या पडद्याकडे गेली. खोकं त्याने फार जपून खाली ठेवलं. "पुसलं गेलं नव्हतं होय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"कुठेय ते?"

"काय?"

"स्टूल."

त्याने कपाटामागून कागदात गुंडाळलेलं पुडकं ओढलं. तिने कागद टराटरा फाडला.

"यावर मी चढायची नाही. सांगून ठेवते. वरचा डबा तुम्हीच काढायचा."

"काढीन की. तोपर्यंत..."

"तोपर्यंत नाही! उद्या मी येणार."

"तू नको. तिथे बसायला जागा नसते. तासन्‌तास उभं राहावं लागतं."

तिने स्टुलाची घडी उघडली आणि खालच्या पायरीवर बसली.

"हे घेऊन येते."

तो हसला. हसता हसता खोकला लागला, आणि थांबेना. तिने त्याचा हात धरला. खोकला ओसरेपर्यंत दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.