लिवून दिलंय

फॉर्मात एक रकाना होता : 'यापूर्वीचे नाव / उर्फ'. सेवा केंद्रातल्या रुपेशचं बोट तिथं येऊन थांबलं.

"ताई, हे मोकळं सोडू का? आधार नवीन, गॅझेट नवीन. कोण बघतंय मागचं?"

पिंपरी पेंढारच्या पॅकहाऊसमध्ये डाळिंबं तपासायची नोकरी लागली होती मला. यशोधरा म्हणून मुलाखत दिली, यशोधरा म्हणूनच निवडले गेले. आता सोमवारपर्यंत पोलिसांचा चारित्र्याचा दाखला द्यायचा होता. रकाना मोकळा सोडला तर उद्या कुणीही म्हणणार, हिनं माहिती लपवली. भरला तर पॅकहाऊसला कळणार की ही बाई आधी प्रबुद्ध होती. आमच्यासारख्यांना चारित्र्य आहे हे दाखवायला आधी चारचौघांत नागडं व्हावं लागतं.

"भर," मी म्हटलं. "प्रबुद्ध चांगदेव."

रुपेशनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा दाराकडं, आणि टाईप केलं. चांगला पोरगा.

पण मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची होती. प्रबुद्धच्या नावावर चोरीची केस आहे, हे मी सहा वर्षं धरून चालले होते.

एकोणिसाव्या वर्षी मी शिनोली सोडली तेव्हा अंगावर आईची हिरवी साडी होती आणि कानात तिच्या कुड्या. विचारून घेतल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मंचरच्या स्टँडवर आईचा फोन आला. एवढंच म्हणाली, "तुज्या बापानं पोलिसात लिवून दिलंय. येऊ नगं हिकडं." फोन बंद.

लिवून दिलंय. आमच्याकडं कुणी बांध कोरला तर लिवून देतात. कोंबडी पळवली तर लिवून देतात. मायेनं कुणी पोलिसात काही लिवून दिल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. मी सिमकार्ड काढून गटारात टाकलं. पुण्यात पोलिसांची गाडी दिसली की दुकानात शिरायचे, नको असलेली साबणाची वडी घेऊन बाहेर यायचे. उपाशी राहिले, पण कुड्या विकल्या नाहीत. पकडलं तर परत देता येतील म्हणून.

तिसऱ्या दिवशी शिनोली ज्यांच्या हद्दीत येते त्या पोलीस ठाण्यातून फोन आला.

"यशोधरा उर्फ प्रबुद्ध का?" हवालदार अमृत बोलत होते. उर्फ. भुरट्या चोराच्या आणि गुंडाच्या नावात असतो हा शब्द. "जुन्या नावावर एंट्री दिसतीय. उद्या अकराला या. न्हाई आला तर अर्ज रिजेक्ट."

दुसऱ्या दिवशी कुड्या रुमालात बांधून निघाले.

ठाण्यात हवालदारांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाकावरचा शिपाई खिदळला, "साहेब, झडतीला लेडीज बोलवू का जेंट्स?"

"माणूस असंल तर बोलव," मी म्हटलं. आवाज ठणठणीत निघाला.

"कलम कुठलं लावलंय?" मी हवालदारांना विचारलं.

"कसलं कलम?"

"चोरीचं. आणल्यात मी कुड्या." रुमालाची गाठ सोडून टेबलावर ठेवल्या. एक कुडी घरंगळत शिक्क्याच्या पॅडला जाऊन टेकली.

शिपायाचं हसू थांबलं. हवालदार कुड्यांकडं बघत राहिले, मग माझ्याकडं.

"ओ बाई, दाखला घ्यायला आलाय का गुन्हा कबूल करायला?" त्यांनी रजिस्टर फिरवून माझ्यापुढं ढकललं. "मनुष्य मिसिंग हाय ही. हरवल्याची. वाचा."

वाचलं. खबर देणार चांगदेव, राहणार शिनोली. माझे अपत्य प्रबुद्ध, वय एकोणीस, घरातून कोणास काही न सांगता निघून गेले आहे. रंग सावळा. नेसणीस हिरवी साडी, कानात आईच्या कुड्या. आणि खाली, नंतर आठवल्यासारखं, वेगळ्या शाईत : दिसल्यास मारू नये, कळवावे.

म्हणजे बाप इथं येऊन उभा राहिला होता. ह्याच टेबलापुढं, असल्याच खिदळणाऱ्यांपुढं, साडी म्हणाला होता, कुड्या म्हणाला होता. आणि मी सहा वर्षं साबण घेत फिरले.

"शोध चालू, असंच ऱ्हायलंय," हवालदार म्हणाले. "आता खबर देणाऱ्यानं येऊन ओळखायचं. मग मिसिंग बंद, मग दाखला." त्यांनी फोन लावला.

बाप येईपर्यंतचा दीड तास मोठा होता. ओळखलंच नाही तर?

बापानं दारातूनच 'जय भीम' घातला. कुणी घेतला नाही. मी घेतला, तोंडातल्या तोंडात. खूप वाळला होता. त्यानं माझ्याकडं नजर टाकली नाही, टेबलावरच्या कुड्या बघितल्या.

"बोला चांगदेव, हाच का तुमचा मुलगा?"

'न्हाई' म्हणाला तर नोकरी गेली. 'हाच' म्हणाला तर मी परत गेले, जिथून पळाले तिथं.

"तुमी काय लिवता दरवेळी?" त्यानं विचारलं.

"सदर व्यक्ती मिळून आली. बाई असो, बाप्या असो, सगळ्यांना येकच."

"आली," बाप म्हणाला. "तेच लिवा. आली."

सही केली. जाताना कुड्या उचलून माझ्या तळहातावर ठेवल्या. "हितं कशाला काढल्यास? घाल," म्हणाला आणि निघून गेला.

शनिवारी दाखला हातात पडला. 'यशोधरा उर्फ प्रबुद्ध यांच्याविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद नाही.' मी फोनवर भांडले. जुनं नाव तुमच्या दप्तरात ठेवा, मालकाच्या हातात कशाला देता? "सिस्टीमच छापती ताई," हवालदार म्हणाले. गुन्हा नाही हे लिहितानाही गुन्हेगाराच्या भाषेत लिहिणारी सिस्टीम. तिला बाप नाही, लाज नाही.

सोमवारी पॅकहाऊसच्या ऑफिसात कागद घेणाऱ्या श्रेया मॅडमनी दाखला वाचला. बोट फिरत फिरत त्याच शब्दावर आलं.

"हे प्रबुद्ध काय आहे? टायपिंग मिस्टेक का?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. पुढच्या कागदापर्यंत.

"नाही मॅडम. माझंच जुनं नाव आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही, मग सगळं एकदम आलं. "बसा. सरांना विचारते." दाखला घेऊन त्या आत गेल्या. काचेमागं दोन डोकी कागदावर वाकली. एक वर झालं, माझ्याकडं बघितलं, परत वाकलं. आत कुणीतरी हसलं.

गेट उघडं होतं. रस्त्यावर आळेफाट्याची जीप उभी होती, एका सीटसाठी हॉर्न मारत. माझे पाय आपोआप चपलेत शिरले. कानाला हात लावला, कुड्या होत्या.

खुर्चीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. जीप निघून गेली.