बैलगाडीएवढी जागा

सत्तावन्न सालच्या सायकल शर्यतीत आमच्या सासूबाई, सुमनताई, स्वतः स्वाराच्या मागून जाणाऱ्या ट्रकमध्ये बसल्या. परक्या ड्रायव्हरशेजारी बाईमाणसानं एकटीनं बसणं बरं दिसत नाही, म्हणून सोबतीला मला घेतलं. मला विचारलं वगैरे काही नाही. "कौशल्या, पदर खोच, ट्रकात चढायचंय," एवढंच.

शर्यत कासारवाडीहून निघून भोसरी, मोशी, कुरुळी करत चाकणला जायची आणि त्याच रस्त्यानं परत यायची. तीत आमचे हे होते. नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, तेव्हा इथंही मी 'हे'च म्हणणार. बाकी सगळी कासारवाडी यांना ज्योतीराम म्हणायची. दिवसा पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात नोकरी, संध्याकाळी सायकल. मामंजींचं, म्हणजे मालोजीरावांचं, स्टेशनाजवळ सायकलचं दुकान होतं. साताऱ्याकडून येऊन त्यांनी ते उभं केलेलं. आमच्या घरात माणसांच्या चहाआधी सायकलींचं तेलपाणी व्हायचं.

शर्यतीत प्रत्येक क्लबाची एक गाडी आपल्या स्वाराच्या मागून जाई. पंक्चर झालं तर दुसरी सायकल द्यायला, पाणी द्यायला, पडला तर उचलायला. आदल्या वर्षी आमच्या क्लबाची जीप होती आणि आत, बाहेर, पायरीवर मिळून अर्धी कासारवाडी तिला लोंबकळत होती. 'शाब्बास ज्योतीराम' हे कानाशी जाऊन ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही अशी त्या मंडळींची समजूत. दिघीच्या फाट्याजवळ त्यांनी जीप इतकी जवळ नेली की मडगार्ड यांच्या हँडलला लागलं. हे खड्ड्यात गेले, खांद्याचं हाड मोडलं, आणि पावसाळाभर हात गळ्यात बांधून दुकानात बसून राहिले.

सासूबाईंनी क्लबाच्या सगळ्या मंडळींना दुकानासमोर उभं केलं. "सांभाळायला म्हणून मागं ठेवलेली गाडीच अंगावर आली, तर आम्ही फिर्याद कुणाकडं न्यायची?" त्यांनी विचारलं. जो तो आपल्या चपला बघत होता.

आणि या वर्षी त्यांनी घरात अट घातली. मागची गाडी पोराच्या जवळ जरी गेली, तरी सायकल भंगारात जाईल आणि शर्यतीचं नाव पुन्हा या घरात निघणार नाही. त्या बोलल्या की ते व्हायचंच. हे चेनला तेल घालत राहिले. मला यांचं हाड न् हाड शाबूत हवं होतं, आणि यांची सायकलही हवी होती. सायकलवरचे हे मला फार आवडायचे. आता सांगायला काय लाजायचं.

या वेळचा ट्रक विटा वाहणारा होता, कुरुळीचा. चालवणारा गेनूही तिथलाच. पण गेनूचं नाव पंचक्रोशीत होतं ते ट्रकमुळे नाही. यात्रेत बैलगाड्यांची शर्यत लागते तेव्हा बैलांच्या पुढं एक घोडी पळते. त्या घोडीवर गेनू बसायचा. हे कळल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"घोडी दामटणारा माणूस. हा काय गाडी हळू हाकणार?" मग त्यांनी गेनूलाच गाठलं. "माझ्या पोरात आणि तुझ्या गाडीत किती जागा ठेवशील?"

"तुमी म्हनाल तेवढी, मावशी."

"मधून बैल जुंपलेली गाडी आडवी जाईल एवढी. त्यात कमी-जास्त झालं तर मी तुझं स्टेअरिंग धरीन."

"धरा की," गेनू म्हणाला. "पन हळू धरा. आधीच ढिलं हाय."

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पायरीवर चढलेल्या दोघा हौशी माणसांना दंडाला धरून खाली उतरवलं, मामंजींना राखीव सायकल देऊन मागच्या हौद्यात बसवलं, आणि आत येऊन माझ्या आणि गेनूच्या मधे अशा बसल्या, जणू आता शर्यत त्यांच्याच हुकमानं सुटणार.

भोसरीपर्यंत त्यांच्या तोंडी एकच शब्द होता, "हळू." मोशीच्या उतारावर हे इंद्रायणीच्या पुलाकडं असे सुटले की भीतीनं मी दाराची दांडी धरली, पण नजर काही यांच्यावरून हटेना. गेनूनं मात्र उतारावरही जागा राखली. सासूबाई मधूनमधून पुढं वाकून ती जागा नजरेनं मोजायच्या आणि मग मागं टेकायच्या. त्यांचं कौतुक एवढंच असायचं.

चाकणहून वळताना हे सगळ्यांच्या पुढं होते आणि यांच्या चाकाला चिकटून पुण्याचा एक स्वार. त्याच्या क्लबाची मोटार आमच्या मागं येऊन भोंगा वाजवायला लागली. त्यांनाही आपल्या माणसाच्या कानाशी जायचं होतं. गेनूनं ट्रक रस्त्याच्या मधोमध घेतला आणि तिथून हलवला नाही. "वाजवू दे," सासूबाई म्हणाल्या. "आपण वरातीत आहोत असं समजू."

कुरुळी आली. जाताना इथं कुणी नव्हतं, आता दोन्ही अंगांना सगळा गाव उभा होता, उधळायला भंडारा मुठीत घेऊन. हे त्या गर्दीत शिरले आणि तेवढ्यात यांचं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा असणार. यांनी हात वर केला. पुण्याचा स्वार बाजूनं निघून गेला.

आणि सकाळपासून 'हळू, हळू' करणाऱ्या आमच्या सासूबाई एकदम ताठ झाल्या. "दाब, गेनू. पोरानं हात वर केलाय. सायकल द्यायचीय."

गेनूनं उलट पाय काढून घेतला. ट्रक मंदावला. मधली जागा वाढत चालली.

"अरे दाब म्हणते ना."

"न्हाई, मावशी. माझं गाव हाय. मला ठावं हाय."

सासूबाईंनी खरोखरच स्टेअरिंग धरलं. गाडी जवळ गेली तर धरीन म्हणाल्या होत्या, आणि धरलं ते ती लांब राहिली म्हणून. गेनूनं त्यांचा हात झटकला नाही. त्यानं ब्रेक दाबला आणि ट्रक जागच्या जागी उभा केला.

पुढच्याच क्षणी गाव रस्त्यावर उतरला. म्हाताऱ्या, गडी, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, सगळे त्या मोकळ्या जागेत. कुणी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. बघतील कशाला? बैलगाडा पुढं गेला की त्याच्या मागं काही यायचं नसतं. गाडा कसा पळतो ते बघायला गाव घाटात, म्हणजे बैलगाड्यांच्या धावपट्टीवर, उतरतो. ही त्यांची जन्माची सवय. सायकल पुढं गेली, म्हणजे त्यांच्या लेखी घाट मोकळा झाला होता. आमच्या ट्रकच्या अगदी तोंडाशी एक बाई पाठमोरी उभी होती आणि तिच्या खांद्यावरून एक तान्हं पोर आमच्याकडं टकामका बघत होतं.

सासूबाईंनी स्टेअरिंगवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. मी तो माझ्या हातात घेतला. त्यांनीही घेऊ दिला.

मागची मोटार भोंगा वाजवत बाजूनं घुसायला बघत होती. गेनू खाली उडी मारून तिच्यासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. "मानसं हायेत म्होरं," तो म्हणाला, आणि हलला नाही.

मामंजींनी हौद्यातून सायकल खाली सोडली. मी उतरून ती धरली, पण त्या गर्दीतून नेणार कशी? "कुनाची सायकल?" कुणीतरी विचारलं. चारचौघांत जे नाव मी कधी घेतलं नव्हतं, ते बेंबीच्या देठापासून ओरडून घेतलं. "ज्योतीरामची. पुढं द्या." माझ्या हातातून सायकल वर उचलली गेली आणि डोक्यांवरून, या हातातून त्या हातात, यांच्यापर्यंत पोचली. मग गेनूनं घाटातली आरोळी दिली. "गाडा सुटतोय, घाट मोकळा करा." ती आरोळी त्या गावाला बरोबर कळली. गर्दी दोहो बाजूंना दुभंगली. हे पाठीवर पिवळाधमक भंडारा घेऊन निघाले आणि यांच्या मागं आम्ही, बैलगाडीएवढी जागा ठेवून. कासारवाडीपर्यंत सासूबाई 'हळू' म्हणाल्या नाहीत आणि 'दाब'ही म्हणाल्या नाहीत.

पुण्याचा स्वार पहिला आला. हे दुसरे. पण शेवटच्या टप्प्यात यांनी त्याला असं गाठत आणलं होतं की आमची कासारवाडी पहिल्या नंबरासारखीच नाचली. या दिवसासाठी सासूबाईंनी ट्रंकेत एक केशरी फेटा आणून ठेवला होता. तो घेऊन त्या गर्दीतून आल्या. यांनी घाम पुसून डोकं पुढं केलं.

त्या यांच्यासमोरून तशाच पुढं गेल्या. गेनू ट्रकच्या चाकाला टेकून बिडी ओढत होता. त्यांना बघून त्यानं बिडी टाकली.

"मावशी, मी कुटं शर्यत मारली?"

"खाली वाक," सासूबाई म्हणाल्या. मग मागं वळून यांना हाक मारली. "ज्योतीराम, उभा काय राहिलास? फेट्याचं टोक धर."

हे आले. दुसऱ्या नंबराचा आमचा स्वार भंडाऱ्यानं माखलेल्या हातांनी फेट्याचं टोक ताणून उभा राहिला, आणि सासूबाई गेनूच्या डोक्याला एकेक वेढा देत गेल्या. शेवटचा पदर खोचताना त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी गाडी हाच चालवणार. आत्ताच सांगून ठेवते."

पुढच्या वर्षी. यांनी फेट्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. मी पदरानं डोळे पुसले आणि सायकल पुसायला घेतली.