फांदीवरचं उपरणं

"वहिनी, आज फांदी रिकामी हाय. मौन-बिन बघू नका, कुणाला तरी वर धाडा," नीलाबाईंनी सोमवारी फोनवर बजावलं.

"पाऊस आहे, आत वाळत घातलं असेल," म्हणून मी फोन ठेवला. तशी मी लेकाची झोप लांबली तर नाकापुढे बोट धरणारी बाई. घरात त्यावरून हसतात. एकदा तरी काळजी करायची नाही असं ठरवलं, आणि नेमकं तेव्हाच चुकलं.

संगप्पा आजोबा माझ्या नवऱ्याचे चुलत आजोबा. देवणीजवळच्या टेकडीवर, महादेवाच्या देवळामागे एकटेच राहतात. नीलाबाई टेकडीखाली म्हशी चारतात. गुडघ्यांमुळे त्यांना चढवत नाही. पन्नास वर्षांपूर्वी आजोबा लातूरच्या गंजबाजारात अडते होते. "लई कालवा राहायचा पोरी," ते सांगायचे, "गाड्या, हमाल, धुरळा. भाव तेवढा मुका! उपरण्याखाली हातात हात घालायचा अन् बोटं दाबून आकडा सांगायचा." मग दुकान भावाला देऊन ते टेकडीवर राहायला गेले, तेच उपरणं घेऊन. रोज अंघोळीनंतर ते धुऊन कडुलिंबावर टाकायचे. खालून दिसलं की आजोबा खुशाल.

यंदा श्रावणात त्यांनी मौन धरलं. मौनातल्या माणसाच्या दारात आमच्याकडे कुणी जात नाही, मौन मोडलं तर शाप लागतो म्हणतात, म्हणून गावही गप्प.

बुधवारी उदगीरहून माहेरी निघाले. ऊन पडलं होतं, तरी बसमधून फांदी रिकामीच दिसली. लेकाला, शिवांशला, कडेवर घेऊन टेकडीखालीच उतरले. वर जातेय म्हटल्यावर नवरा फोनवर म्हणाला, "अगं, साधू आहेत ते, बाळंतीण नाहीत!"

"मग शाप मला बसू दे," म्हटलं आणि चढले.

आजोबा पडवीत आडवे होते, पाय वाकडा. पागोळ्यांच्या साचलेल्या पाण्यात उपरणं भिजवून चोखत होते. "कधी पडलात?" तोंड उघडेनात. माझा हात ओढून त्यांनी उपरण्याखाली घेतला आणि दोन बोटं दाबली. दोन दिवस.

"दवाखान्यात चला. मग महिनाभर आमच्याकडे."

पुन्हा बोटं: पाच. पाचच दिवस!

मी त्यांची दहाही बोटं दाबली. तीनदा. त्यांनी नकारार्थी मान हलवली. शिवांशनंही हात आत खुपसला आणि सापडलं ते बोट घट्ट धरलं. आजोबांना हसू फुटलं, अन् त्यांनी माझ्या तळव्यावर टाळी दिली. सौदा पक्का. फोन केला तशी गावातली चार माणसं बाज घेऊन वर आली.

खुब्यात सळई पडली, महिन्याचे तीन महिने झाले. दिवाळी झाल्यावर ते काठी टेकत पुन्हा वर गेले. मी अडवलं नाही. मात्र आता फोन आला की मी 'असेल काहीतरी' म्हणत नाही. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

पण मी उदगीरला, आणि नीलाबाई लेकीकडे गेल्यात. तुम्ही देवणीच्या रस्त्यानं गेलात तर देवळामागच्या कडुलिंबाकडे बघा. दुपारपर्यंत पांढरं उपरणं दिसलं नाही तर गाडी थांबवा आणि वर जा. ते बोलले नाहीत तर नुसता हात पुढे करा.