नुसतं पाणी

"अगं, घसा कोरडा पडलाय पोरीचा. दोन चमचे पाणी पाज, गप्प होईल," शेजारीण खिडकीतून म्हणाली. तिला सगळी गल्ली रेडिओ म्हणायची, कारण तिला बंद करायचं बटण नव्हतं.

इस्त्रीवालीनं रडणाऱ्या नातीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. लाँड्रीतलं काम कधीच सुटलं होतं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

"पाणी द्यायचं नाही. नर्सनं सांगितलंय."

"नर्सला काय जातंय सांगायला! उन्हात तुला तहान लागते, तिला नाही लागत? वरचं दूध थोडंच देतेयस? नुसतं पाणी!"

सून हातमोज्यांच्या कारखान्यात परत रुजू झाली होती. रजा वाढवून मागितली, तर मुकादम म्हणाला, "तुझ्या जागी दुसरी घेऊ का?" सकाळी ती दूध काढून ठेवायची आणि जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन बाळाला पाजून जायची. आज सुट्टी उलटून गेली, तरी ती आली नव्हती. काढून ठेवलेलं दूध संपलं होतं.

स्वयंपाकघरात वाटीवर चमचा वाजला. किण्.

तिथं कोणी नव्हतं. बाळ घरी आल्यापासून इस्त्रीवालीला हा आवाज यायचा.

तिची स्वतःची मुलगी एवढीच होती, तेव्हा ती लाँड्रीत जायची आणि सासू घरी सांभाळायची. तेव्हाची नर्स सांगून गेली होती, "वरचं दूध देऊ नका." सासूनं ते तंतोतंत पाळलं. दुधाचा थेंब दिला नाही. उन्हाळा होता म्हणून मायेनं पाणी पाजत राहिली. पोट पाण्यानं भरलेलं, म्हणून पोर अंगावर ओढेना. ओढेना, म्हणून दूध आटत गेलं. मग जुलाब लागले.

"वरचं काही नाही गं दिलं मी, नुसतं पाणी," सासू शेवटपर्यंत म्हणत राहिली. इस्त्रीवालीनं तिला कधी बोल लावला नाही. कामाला जाताना ते पाणी तीच भरून ठेवायची.

पुढे मुलगा झाला. मुलीचा विषय घरात कुणी काढला नाही. सुनेला तर काहीच ठाऊक नव्हतं. नवी नर्स सहज बोलून गेली, "पाणीसुद्धा वरचंच, आजी," तेव्हा इस्त्रीवाली दारातच का मटकन बसली, हे सुनेला कळलं नव्हतं.

किण्.

ती आत गेली. चमचा हातात घेतला. माठावरचं झाकण उचललं. नातीनं ओठ उघडले, चिमणीच्या पिल्लासारखे. इस्त्रीवाली तशीच उभी राहिली. मग तिनं झाकण परत ठेवलं, बाळाच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि भर उन्हात रस्त्याला लागली.

"लहान मुलं आत चालत नाहीत, आजी," कारखान्याचा वॉचमन म्हणाला.

"आम्हाला कुठं आत यायचंय? तिच्या आईला बाहेर बोलाव."

"मोठी ऑर्डर आहे. आज कुणाला सुट्टीच नाही दिली."

"मग मुकादमाला सांग, म्हातारी आलीय आणि फाटकातच बसणार आहे. पोरीचा आवाज काय, मशीनच्या वर जातो."

वॉचमन हसला आणि आत गेला.

सून धावत आली. रडणं ऐकताच तिच्या कपड्यांवर ओल उमटली होती. वॉचमननं आपलं स्टूल दिलं आणि पाठ करून उभा राहिला. पोर छातीला लागली. फाटकापाशी एकदम शांत झालं.

तेवढ्यात सुनेचं लक्ष सासूच्या मुठीकडे गेलं. मुठीत चमचा होता. तिचा चेहरा उतरला.

"आई… पाणी दिलंत?"

हातात चमचा राहून गेलाय, हे इस्त्रीवालीला आत्ता कळलं. तिनं तो सुनेसमोर धरला.

"कोरडा आहे. हात लावून बघ."

सुनेनं हात लावला नाही. नुसती मान डोलावली आणि बाळाकडे वळली.

"घरातली पहिलीच मुलगी वाटतं?" वॉचमननं पाठ न वळवताच विचारलं.

"दुसरी," इस्त्रीवाली म्हणाली.

सुनेनं मान वर केली. इस्त्रीवालीनं टॉवेलची सुरकुती तळहातानं नीट केली आणि दोघींवर ऊन येऊ नये असा तो धरून उभी राहिली.