पापणीच्या आतला रंग

दुपारच्या शांततेत फोडणीची मिरची चर्र झाली आणि सासूबाईंना शिंका आल्या. एकापाठोपाठ चार. माझा हात तिथंच थांबला.

सूर्यभानच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या जन्मानंतर सासूबाईंचं अंग बाहेर यायचं. शिंकल्या, खोकल्या की लुगडं भिजायचं, त्या गुपचूप परसात निघून जायच्या. लग्नाकार्याला जाणंही सोडलं होतं. आज मात्र जागच्या हलल्या नाहीत. चाचपून बघितलं आणि खदखदून हसल्या.

"कोरडी हाय गं पोरी! पार कोरडी!"

नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, टाके घालून अंग वर बसवता येतं. पण सासूबाईंची बहीण बाळंतपणात रक्त जाऊन गेलेली. "मला न्हाई कापून घ्यायचं," म्हणून त्या उठल्याच. बाईंनी त्यांची खालची पापणी ओढून आत पाहिलं. "आत्ता मीही हात लावणार नाही. रक्त थोडं तरी जाणारच, पण जायला अंगात असायला हवं ना? दोन महिने पोटभर जेवा. आत लाल दिसलं की या."

आमच्यात बायका शेवटी जेवतात, आणि सासूबाई सगळ्यांत शेवटी, कढई खरवडून. दुसऱ्या दिवसापासून मी पहिलं ताट त्यांना वाढायला लागले. लाजून भिंतीकडे तोंड करून जेवायच्या.

"मग आमी कवा जेवायचं?" सूर्यभाननं विचारलं.

"दोन म्हैन्यांनी," त्या घास न थांबवता म्हणाल्या.

शेजारची बिबीजान दर शुक्रवारी कलेजी पाठवायची. शेवग्याचा पाला, हळीव, गूळ चालूच होतं. आमची पाच वर्षांची बनू रोज सकाळी आजीची पापणी ओढून निकाल सांगायची. "पांढरी." मग "गुलाबी, पेरूवानी." आणि एक दिवस ओरडत आली, "डाळिंब! डाळिंब!"

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी माझ्या तान्ह्या बाळाला घेऊन व्हरांड्यात पदराला गाठी मारत बसले होते. बाई हात पुसत बाहेर आल्या. "वाटीभरही गेलं नाही. आजीबाई खणखणीत आहेत." सूर्यभान रडला, मी हसले.

आज त्या शिंकांनंतर घरभर हसू होतं. सगळ्यांची जेवणं झाली, तान्ह्याला मांडीवर घेऊन मी कढई पुढं ओढली. बनू पुन्हा डॉक्टरीण झाली होती. आजीची पापणी लाल, बापाची लाल. मग माझ्याकडे आली, गार बोटानं पापणी खाली ओढली आणि बराच वेळ बघत राहिली.

"आई, तुझी का गं पांढरी?"