हिरीबाईच्या मातीला जाताना

आमच्या किन्हीराजात मोटरसायकल माणसाची नसते, गल्लीची असते. मी नुसती किक मारली तरी चार दारं उघडतात. मालेगावला चाललाच आहेस तर तुरीवरचं औषध आण, पंपाचा स्टार्टर दुरुस्तीला टाक, म्हाताऱ्याला फाट्यावर सोड. मी कुठे चाललो हे माझ्या आधी त्यांना कळलेलं असतं.

लग्न ठरलं तेव्हा मी वैष्णवीला कबूल केलं होतं, की मेडशीच्या पुढच्या घाटात तुला गाडीवर फिरवीन. फक्त दोघं, काम काहीच नाही. मग लग्न झालं, पेरणी झाली, सोयाबीन निघालं, थंडी पडली. आमच्या दोघांच्या मधे सीटवर कायम काहीतरी असायचं. कधी ढेपेचं पोतं, कधी समोरच्या घरातले भाऊसिंग काका.

शनिवारी जेवताना ती म्हणाली, "उद्या नेता का नाही? नाही त मी मुन्नाले बोलावतो. तो नेते मले घाटात."

मुन्ना तिचा भाऊ. माझ्या बायकोने घाट भावाच्या मागे बसून पाहिला, ही बातमी तालुक्याला माझ्या म्हातारपणापर्यंत पुरली असती.

म्हणून रविवारी सकाळी वैष्णवी गाडीवर मागे बसली आणि शेजारच्या कमलीबाईंनी "कुठी चालला रे हरीओम?" विचारलं, तेव्हा मी तोंड पाडून म्हणालो, "मातीले."

मयतीला निघालेल्या माणसाला कोणी औषध आणायला सांगत नाही, असा माझा हिशोब.

"कोन गेलं बापा?"

"हिरीबाई. मावशीची चुलतसासू. पातूरकडं."

हिरीबाई मी त्याच क्षणी जन्माला घातली होती. जगायला तिला वेळच मिळाला नाही.

कमलीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "माह्या लग्नात आलती थे. लय चांगली बाई."

"गुडघे दुखत होते तिचे," ओट्यावरून माझे वडील म्हणाले. "मीनंच तेल सांगतलं होतं."

तेवढ्यात भाऊसिंग काका डोक्याला रुमाल बांधून बाहेर आले, मागे त्यांचा मदनसिंग. "नुसत्या पोराइले मातीले धाडाचं नाही," काका म्हणाले आणि मुलाच्या गाडीवर बसले. मी विसरलोच होतो. आमच्याकडे कापणीला माणूस मिळत नाही, मातीला अख्खी गल्ली निघते. मेडशी येईपर्यंत मागे आठ-नऊ गाड्या झाल्या.

घाट लागला. सागाची झाडं, खाली दरी, कोवळं ऊन, एकापुढे एक वळणं. आणि आम्ही बैलगाडीच्या वेगाने, रांगेत, गंभीर. एका वळणावर मी गाडी जरा तिरपी केली तर मागून काका म्हणाले, "हळू रे. मातीले चाललो, वरातीत नाही."

वैष्णवी तोंडात पदर कोंबून गदगदत होती. मदनसिंगने गाडी बाजूला आणली. "वयनी, रडू नका. वय झालतं तिचं."

माथ्यावरच्या टपरीपाशी काकांनी सगळ्यांना थांबवलं. "गाव कोनतं सांगतलं तू?"

गाव मी बसवलंच नव्हतं. मी हेल्मेटचा पट्टा सोडायला घेतला. तो सुटलेलाच होता.

तेवढ्यात वैष्णवीने फोन कानाला लावला. "हाओ मावशी. बरं. बरं." मग ती हळू आवाजात सगळ्यांना म्हणाली, "झाली माती. लवकर उरकलं त्याइनं. आता घरात नुसत्या बाया बसून हायेत. आमी दोघं भेटून येतो, तुमी कायले तकलीफ घेता."

मग मदनसिंग म्हणाला, "मंग आपल्याले आंघोळ बी नाही लागत."

यावर सगळे गाड्यांवरून उतरले. कोणीतरी भजे सांगितले. काका बाकड्यावर बसून बराच वेळ दरी पाहत राहिले, आणि आम्ही निघताना म्हणाले, "तेरवीले पन सांगजो बरं. रस्ता चांगला हाये."

पहिल्या वळणामागे टपरी दिसेनाशी झाली आणि मी रेस दिली. गाडी डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. वैष्णवीने डोक्यावरचा पदर कमरेला खोचला आणि पोटभर हसून घेतलं.

"पुढच्या महिन्यात कोन?" तिने कानाशी विचारलं.

"माही एक आत्या हाये घाटाखाली."

"खरंच हाये?"

"अजून नाही."

तिने पुढचं वळण संपेपर्यंत विचार केला. "मंग तिले पयले आठवडाभर बिमार ठेवा," ती म्हणाली. "हिरीबाई लयच अचानक गेली."